होडीच्या पात्याची खांदशेकणी

दादाला जाऊन पाच दिवस झाले होते. ओसरीवर सतरंजी टाकलेली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला मी तीच हकीकत पहिल्यापासून सांगत होतो. अशात वहिनीनं मला मागच्या दाराशी बोलावलं. मला वाटलं, तिला रडायला कोणीतरी जवळचं हवं असेल. मी खांद्यावरचा पंचा नीट केला आणि गेलो.

ती रडत नव्हती. हातात सूप होतं.

“भाऊजी, तलावाचं दार उघडलं.”

“बरं झालं,” मी म्हणालो. “धान पोटरीवर आहे. पाणी पाह्यजेच होतं.”

“धानाचं बरं झालं. होडीचं काय?”

दादाची शिडाची होडी तलावात उभी होती आणि तिचं पातं खाली अडकलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्याचा पाण्याशी काय संबंध, हे मात्र तिनंच मला समजावलं. सूप आडवं धरून, त्याखाली हाताचा पंजा उभा लावून तिनं दाखवलं. पाणी आहे तोवर ठीक. पाणी उतरलं की पातं तळाला टेकणार. टेकलं की ते मागं दुमडलं पाहिजे. नाही दुमडलं तर होडी त्या एका पायावर उभी राहणार, आणि मग आडवी पडणार. तिनं सूप आडवं पाडलं. “अन् मंग इथून फुटन,” तिनं सुपाच्या मधोमध बोट ठेवलं.

अकरा वर्षांत ती त्या होडीत एकदाही बसली नव्हती.

आता होडीविषयी सांगतो, कारण आमच्या बालाघाट जिल्ह्यात शिडाची होडी ही काही घरोघरी असणारी वस्तू नव्हे. दादा मँगनीजच्या खाणीत वर्कशॉपला फिटर होता. निवृत्त झाल्यावर तो एका मोठ्या शहरात नातेवाइकांच्या लग्नाला गेला आणि लग्नाऐवजी तिथल्या तलावावर जाऊन बसला. तिथं एका नौका-क्लबानं जुन्या होड्या भंगारात काढल्या होत्या. त्यातली एक, लांबीला साधारण तीन खाटांएवढी, ट्रकवर चढवून तो घेऊन आला. राजेगावला ट्रक चहाला थांबला तेव्हा हे काय आहे म्हणून माणसं गोळा झाली. ड्रायव्हरला गोंदियापासून लोक तेच विचारत होते. त्यानं वैतागून सांगितलं, विमानाचा खालचा भाग आहे, वरचा मागून येतोय. दोन माणसं म्हणे खरंच वरच्या भागाची वाट पाहत बसली होती.

या होडीची गंमत तिच्या पोटाखाली होती. लोखंडाचं एक जाड पातं, वजनाला धानाच्या दोन पोत्यांएवढं. एका पिनेवर ते फिरायचं. दुमडत्या विळीचं पातं जसं पाटात मिटतं, तसं हे होडीच्या मधल्या उभ्या पेटीत मिटायचं. आत एक चरखी होती. तिचा दांडा फिरवला की तारेनं पातं वर, ढिला सोडला की खाली. पातं खाली असलं की वारा होडीला आडवं ढकलू शकत नाही आणि ती कलंडत नाही. वर असलं की गुडघाभर पाण्यातही काठाला लागते. दादा सांगायचा, जुन्या होड्यांत या पात्याइतकी खोड्या करणारी दुसरी वस्तू नाही. हे सांगताना त्याचा चेहरा फार आनंदी असायचा.

उन्हाळ्यात तलाव आटला की होडी अंगणात यायची. तिच्याखाली दादानं एक खड्डा खणून ठेवला होता, त्यात पातं पूर्ण खाली सोडता यायचं. पोळ्याच्या दिवशी ती परत पाण्यात जायची. दिवस पोळ्याचाच का, तर होडी आली त्या वर्षी आमच्या घरची शेवटची बैलजोडी विकली गेली होती. ट्रॅक्टरनं नांगरणी होऊ लागल्यावर ती नुसतीच बांधलेली होती. पण पोळा आला आणि वहिनीची पंचाईत झाली. पुरण शिजलं, ओवाळायला कोणी नाही. दादा खड्ड्यात बसून पात्याच्या पिनेला काहीतरी करत होता. तो तिथूनच म्हणाला, “मंग यालेच ओवाळ न. होडीचा बैल हाच आहे. खालून वढते, कोनाले दिसत नाई.”

तो थट्टा करत होता. वहिनीनंही ती थट्टाच धरली असती, पण तिच्या हातात ताट होतं.

तेव्हापासून दर पोळ्याला पात्याची साग्रसंगीत पूजा होऊ लागली. आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी करतात, हळद-तुपानं खांदे शेकतात. वहिनी खड्ड्यात उतरून पिनेला हळद आणि तूप चोळायची आणि म्हणायची, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” पोळ्याच्या सकाळी पात्याला गेरू लागायचा, त्यावर ऑइलपेंट. शेजाऱ्यांच्या बैलांच्या शिंगांना लावून जो रंग उरेल तो: कधी पिवळा, कधी निळा, कधी पोपटी. वर ठिपके. वहिनीचा हात सढळ. भाजीत तेल असो की पात्यावर रंग.

दादा म्हणायचा, आता एकदा बस तरी हिच्यात. वहिनी म्हणायची, “आपल्या बैलावर कोनी बसते का?” आणि विषय संपायचा.

या वर्षी पोळ्याला होडी पाण्यात गेली. अडीच-तीन आठवड्यांनी एका दुपारी दादा जेवून पडला तो उठला नाही. पातं खालीच होतं.

वारासिवनीचा मिस्त्री दादाचा जुना मित्र. राईस मिलची यंत्रं आणि ट्रॅक्टर दुरुस्त करतो. हिंदीत बोलतो, चिडला की मराठीत येतो. निरोप मिळताच तो मोटारसायकलवरून अवजारांची पिशवी घेऊन आला. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, पाना कुठल्या हातात धरतात हेही मला सांगावं लागतं. पण होडीच्या खणात दादाची एक वही सापडली आणि मी वाचण्याचं काम घेतलं. वहीत पहिल्याच पानावर लिहिलं होतं:

“पातं वर येत नसेल तर. एक: चरखी फिरवून पाहा. तार ढिली राहिली तर तार तुटली. दोन: तार ताठ झाली तर तार ठीक, ओढू नको. होडी हलव. खालून ठकठक आवाज आला तर पिन झिजली. तीन: आवाजच आला नाही तर पातं बाजूनं धरलंय. गाळ, दगड, शिंपले, गंज. चार: सब्बल लावू नको. सब्बल लावणारा गाढव.”

मिस्त्रीनं तेवढ्यात सब्बल, म्हणजे छोटी पहार, काढली होती. ती त्यानं हळूच परत पिशवीत ठेवली.

चरखी फिरवली. तार ताठ झाली, सतारीसारखी वाजली, पातं हललं नाही. होडी हलवली. आवाज नाही. मिस्त्री गळाभर पाण्यात उतरला, बुडी मारून आला. गाळ नाही, दगड नाही. “जंग है,” त्यानं गंजाचा निकाल दिला. “बाजू से पकड़ लिया. तेल पिलाओ, रात भर में छोड़ देगा.”

तेलासाठी मी घरी आलो आणि आत्याच्या हाती सापडलो.

आत्या म्हणजे आमच्या वडिलांची धाकटी बहीण, लांजीला दिलेली. वय ऐंशीच्या पुढं, दात दोन, आवाज शाबूत. सुतकाचे नियम तिच्याकडे होते. लग्न झालेल्या लेकीला माहेरचं सुतक तीनच दिवसांचं, हा नियमही तिनंच जाहीर केला होता, आणि चौथ्या दिवसापासून ती शेजारच्या घरी जाऊन वांग्याची तर्री खाऊन येत होती.

“कुठी चालला तेल घेऊन, लहान्या?”

“होडीले पाह्यजे, आत्या. पातं अडकलं.”

“घरात दहा दिवस फोडनी नाई, डोक्याले तेल नाई, अन् त्या डोंग्याले तेल? कोनाचा डोंगा आहे तो?”

“दादाचा.”

“मंग त्यालेही सुतक.”

मी शाळेत मुलांना वादविवाद शिकवले आहेत. तरी मी तेलाची बाटली खाली ठेवली. वहिनी आतून म्हणाली, “आत्याबाई, डिझल चालन का?”

आत्यानं विचार केला. “डिझल तेल्याच्या घरी भेटते का?”

“नाई. पंपावर.”

“त्याच्यात भजे तळता येते का?”

“नाई जी.”

“मंग ते तेल नोहे. लाव.”

डिझेल पेटीत ओतलं. रात्रभरात पात्यानं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी ओतलं. पाणी दिवसाला वीतभर उतरत होतं. मिस्त्रीनं काठाशी एक बांबू रोवला आणि त्यावर चुन्याच्या रेघा मारल्या. पातं टेकायला पाच रेघा होत्या, मग चार. वहिनी सकाळ-संध्याकाळ तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येऊन रेघा मोजून जायची. तलावाचं दार आठवडाभर बंद ठेवा असं कोणाला म्हणायची सोय नव्हती. खाली सगळ्या गावाचं धान उभं होतं, त्यात आमचंही.

सातव्या दिवशी मिस्त्रीनं करवतीची पाती आणली, लोखंड कापायची. पेटीची भिंत आणि पातं यांच्यामधल्या बारीक फटीत एक घातलं आणि खालीवर ओढायला सुरुवात केली. मी शेजारी बसून वही वाचत होतो. बऱ्याच वेळानं त्यानं करवत बाहेर काढली आणि दातांत अडकलेला चुरा बोटावर घेतला.

“मास्टरजी,” तो म्हणाला, “जंग गुलाबी कब से होने लगा?”

आम्ही दोघंही त्या बोटाकडे पाहत राहिलो. त्यानं पुन्हा करवत घातली. गुलाबी आला, मग पोपटी. आणखी घासल्यावर निळा. निळ्याखाली पिवळा.

“अबे, हे तं पोळा आहे!” मिस्त्री मराठीत आला.

मी वही मागच्या पानांकडून उलटली. तिथं जूनच्या नोंदी होत्या, दर वर्षाची एकेक. “पातं खरवडलं. सगळं उतरलं. हिला बोलायचं नाही.” पुढच्या वर्षी: “खरवडलं. तुपात माती बसून पिनेवर डिंक झालाय. रॉकेलनं धुतलं. हिला बोलायचं नाही.” अशी आठ वर्षं. नंतरच्या तीन जूनला एकच शब्द होता, “गुडघा.” आणि या पोळ्याची नोंद: “पातं खाली जाईना. मिस्त्री आणि मी वर उभं राहून दाबलं. गेलं. वर यायला नखरे करील असं दिसतं. पाहू.”

त्याच्यापुढची पानं कोरी होती. मी त्यातली दोन-तीन उगाच उलटून पाहिली.

मिस्त्रीनं पंच्यानं तोंड पुसलं. “भाभी को नहीं बताना,” तो म्हणाला. “जंग बोलेंगे.”

“जंगच,” मी म्हणालो. नवरा जाऊन आठवडा झालेल्या बाईला, तुमच्या पूजेनं होडी अडकली, असं सांगायला जीभ कशी उचलायची? दादानं आठ वर्षं सांगितलं नव्हतं, आम्हाला चार दिवस सहज जमलं असतं.

जमलं नाही, कारण मी चुरा तलावात टाकण्याऐवजी कुडत्याच्या खिशात टाकला. तलावात तरंगणारा गुलाबी चुरा वहिनीला दिसेल ही माझी दूरदृष्टी. डिझेलमध्ये भिजलेला तो रंग खिशातून बाहेर आला, कुडत्याला लागला, हातांना लागला. मी घरी पोचलो तर आत्या ओसरीच्या पायरीवरच होती.

“अगं माय! सुतकात गुलाल?”

“गुलाल नाई, आत्या. जंग आहे.”

“मी ऐंशी वर्स लोखंड पाह्यलं, मले जंग शिकवतं? सख्खा भाऊ गेला अन् हा बावा होळी खेळून येऊन राह्यला!”

ओसरीवर बसलेले चार लोक माझ्याकडे बघायला लागले. त्यातला एक मी शिकवलेला विद्यार्थी होता, आता स्वतःच आजोबा झालेला. वहिनी तांब्या घेऊन बाहेर आली, माझ्या हातांवर पाणी घातलं. पाणी गुलाबी होऊन पायरीवरून वाहिलं. ती त्याकडे पाहत होती. आत जाताना फक्त म्हणाली, “साबन लावा.”

आठव्या दिवशी आम्ही दोन्ही बाजूंनी घासलं. करवतीची चार पाती मोडली. चुऱ्यासाठी मी बिस्किटाचा डबा नेला होता. बांबूवर एकच रेघ पाण्याखाली उरली. नवव्या दिवशी सकाळी मिस्त्री पेटीत टॉर्च मारून म्हणाला, आता फट मोकळी दिसते, खाली कुठंतरी थोडं धरून आहे. होडी जोरात या कुशीवरून त्या कुशीवर डोलवली तर सुटेल. तो पाण्यात उतरून पात्याला हात लावणार, मी चरखीवर. डोलवायला होडीच्या काठावर वजन हवं.

“आप बहुत हलके हैं, मास्टरजी,” तो माझ्याकडे पाहून म्हणाला. मग पाळीकडे पाहिलं. पाळीवर वहिनी रेघ मोजायला आली होती, मागं काठी टेकत आत्या. मिस्त्रीनं घसा साफ केला.

“भाभी, थोड़ा वजन चाहिए था.”

वहिनी पाण्याच्या कडेपर्यंत खाली आली.

“म्हंजे मी जाड आहे म्हून?” वहिनीनं विचारलं.

“नहीं नहीं भाभी, वो बात नहीं.”

“मंग आत्याबाईले बसवा.”

“मले कायले बसवतं?” आत्या पाळीवरून ओरडली. “माह्यात हाय का काही? हवा आली तं उडून जाईन. अन् तूही बसू नोको. नऊ दिवसांची बाई, लोक काय म्हनन?”

वहिनीनं रेघेकडे पाहिलं. शेवटच्या रेघेवर आता पाणी नव्हतं, नुसती ओल होती. तिनं पदर खोचला, चपला पाळीवर काढल्या, माझा हात धरला आणि होडीत आली. होडी एकदम तिच्या बाजूला कलली. मी चरखीला मिठी मारली.

“डोलवायची कशी?” तिनं विचारलं.

“इकडून उठून तिकडं बसा. परत इकडं.”

पण ती आधी पेटीवर वाकली. मी घाईनं मध्ये आलो. ती म्हणाली, “सरका, भाऊजी. किती थर राह्यले ते पाहू द्या.”

“थर?” मी म्हणालो. “जंगाचे?”

“जंगाचे म्हना.” तिनं फटीत बोट घालून पाहिलं. बोटाला निळा लागला. “हा दोन वर्सामांगचा. बरा होता हा.”

पाण्यात कमरेपर्यंत उभा असलेला मिस्त्री एकदम खाली गेला. बुडी मारायची त्याला त्या वेळी काही गरज नव्हती.

“तुमाले माहीत होतं?” मी विचारलं.

“दर जूनमंधी खड्ड्यात रंगाचे टरफलं पडत. झाडून कोन टाके? मीच न.”

“मंग दरसाल काहून लावला?”

“ते खरवडत म्हून लावला. त्याइनं न खरवडलं असतं तं मी कायले लावती? एक वेळ लावला, झालं.” तिनं बोट होडीच्या काठाला पुसलं. “बोलले नाई ते. मीही नाई बोलली. पाहू म्हटलं, कोन पयले बोलते.”

आठ वर्षं तो जूनमध्ये खरवडत होता आणि ती पोळ्याला रंगवत होती. दोघं एकाच घरात, एकाच ताटलीतले शेंगदाणे खात.

“तीन वर्सं झाले, टरफलं नाई दिसले,” ती म्हणाली. “मले वाटलं, आता त्याइले आवडाले लागलं. मंग मीही दोन-दोन हात द्याले लागली.”

वही माझ्या मांडीवर होती. वहिनीनं वहीकडे पाहिलं. मी ती मिटली आणि पिशवीत घातली. त्यातला एक शब्द तिला आज वाचून दाखवायची गरज नव्हती.

मिस्त्री श्वास घ्यायला वर आला. “हो गया क्या?” त्यानं विचारलं, आणि ते होडीविषयी नव्हतं. मग डोलायला मोकळीक हवी म्हणून त्यानं होडीचा दोर खुंट्यावरून सोडला आणि स्वतः एका हातानं होडी धरली. आमची चूक झाली ती इथं, पण त्या वेळी ती हुशारी वाटली.

वहिनी उजव्या काठावर बसली. उठून डाव्या काठावर बसली. पहिल्या दोन-चार वेळा देवळात बसल्यासारखी बसली. मग तिला लय सापडली. उजवीकडे, डावीकडे. पाणी काठावरून आत यायला लागलं. पाळीवर आत्या काठी हलवत होती, “अवं पडशीन! अवं सुतक आहे!” वहिनी ऐकत नव्हती. सहाव्या की सातव्या खेपेला खालून ‘धप्प’ असा आवाज आला, पोत्यावर पोतं पडावं तसा. मी दांडा फिरवला. तार वाजली, आणि चरखीचा एक दात पुढं गेला. मग दुसरा. मी फिरवतच राहिलो. पातं खरखरत, कुरकुरत पेटीत चढलं आणि पेटीच्या तोंडाशी त्याची वरची कड दिसली. पिवळ्या रंगाचा एक ठिपका अजून तिच्यावर शाबूत होता.

“निकल गया!” मिस्त्री ओरडला आणि त्यानं आनंदानं दोन्ही हात वर केले.

होडी त्याच्याच हातात होती, हे आम्हा तिघांच्या एकाच वेळी लक्षात आलं. पातं वर असलं की होडीला वारा आडवं ढकलतो, हे मी स्वतः दहा ओळींत लिहून काढू शकलो असतो. वारा पाळीवरून आत वाहत होता. होडी आडवी, अगदी शांतपणे, बांबूपासून दूर निघाली. मिस्त्री दोन पावलं मागं आला, पुढं पाणी खोल झालं, मग त्याच्या लक्षात आलं की त्याला फार पोहता येत नाही.

“भाऊजी, आपन चाललो,” वहिनी म्हणाली.

“हौ.”

“थांबवा न.”

“मले नाई येत.”

“वहीत पाहा.”

मी वही काढून पाहिली. तार कशी बदलावी, पिन कशी काढावी, गळती कशी शोधावी, सगळं होतं. होडी चालवावी कशी याबद्दल त्या वहीत एक ओळ नव्हती. ते त्याला येत होतं, मग लिहायचं कशाला?

तलाव काही समुद्र नाही. आम्ही इतके हळू जात होतो की आत्या पाळीवरून आमच्या बरोबरीनं चालत बोलत होती. सुरुवातीला ती रागावली होती, मग सूचना देऊ लागली, “लहान्या, हातानं वल्हव! उलटा नाई, सुलटा!” पाळ संपल्यावर ती थांबली आणि आम्ही तिच्या आवाजाबाहेर गेलो. वहिनीनं दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला होता. मधे एकदा तिनं एक हात सोडून पाण्यात घातला आणि लगेच परत काठाला लावला.

पलीकडच्या काठावर बेशरमाची झुडपं दाट वाढलेली आहेत. होडी त्यात शिरली आणि मऊ गाळावर पोट टेकून थांबली. काठावर म्हशी धुणाऱ्या दोन बाया आमच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यातली एक म्हणाली, “कोन गाव, बाई?” वहिनीनं मागं बोट दाखवलं, तलावाच्या पलीकडं. “तेच,” ती म्हणाली. “सीधं आलो.”

आम्ही दोर बाभळीच्या बुंध्याला बांधला. मी एक गाठ मारली, वहिनीनं तीन. मग अनवाणी पाळीवरून चालत घरी आलो. मिस्त्री ओल्या कपड्यांनी अर्ध्या वाटेत भेटला, वहिनीच्या चपला हातात घेऊन. त्यानं त्या तिच्या पायांशी ठेवल्या आणि आमच्या मागं चालू लागला.

दशक्रिया झाली, तेरवी झाली. पाणी उतरतच होतं. तेरवीला आलेले लोक जेवून झाले की हात धुऊन पलीकडच्या काठाकडे बघायचे आणि आपसांत कुजबुजायचे. आत्यानं प्रत्येकाला आपण होडी कशी काठाला लावली ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मला आणि मिस्त्रीला घेऊन तिकडं गेली. पाणी झुडपांपासून बरंच मागं सरलं होतं. होडी गाळावर बसली होती, सरळ, कुठंही न कलता, पाटावर बसल्यासारखी. वहिनीनं साडी वर धरली आणि घोट्याएवढ्या चिखलातून तिच्याभोवती पूर्ण एक फेरी मारली. फळीवर जागोजागी तळवा दाबून पाहिला. पेटीच्या खाली वाकली, हात घातला, तिथंही दाबून पाहिलं.

“फुटली नाई,” ती म्हणाली. “कुठीच नाई.”

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. “पर भाभी, अब इसको यहाँ से ले कैसे जाएँगे? बीच में पूरा कीचड़ है.”

“नेता कायले?” वहिनी पाय झटकत म्हणाली. “पुढच्या साली पानी येईन तं स्वतःच उठन.”